केराची विभागणी उंबरठ्याशीच हवी

पुणे-अहिल्यानगर महामार्गावर, पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर शिरूर तालुक्यातील सणसवाडी हे गाव वसले आहे. मुळात कोरडवाहू शेतीच्या टापूतील हे गाव आज कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून आलेली कामगार कुटुंबे येथे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. उद्योगधंद्यांमुळे गावाला रोजगार मिळाला, बाजारपेठ वाढली. त्याचबरोबर घरोघरी निघणाऱ्या केरकचऱ्याचे स्वरूपही मुळापासून बदलले. हा बदल नीट समजून घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीने कितीही घंटागाड्या घेतल्या तरी कचऱ्याचा प्रश्न सुटणार नाही.

उकिरडा गेला, कचरा राहिला

जुन्या शेतकरी घरात टाकाऊ म्हणावे असे फारच थोडे निघे. भाजीची देठे व कोंडा गुरांच्या पुढ्यात जाई, चुलीतील राख भांडी घासण्यास उपयोगी पडे आणि उरलेला केर शेणाबरोबर उकिरड्यात पडून पावसाळ्यापूर्वी खत होऊन शेतात परत जाई. फाटलेली लुगडी-धोतरे गोधडीत शिवली जात. त्यातूनही उरलेल्या कपड्यांवर बोहारीण भांडे देऊन जाई. रद्दी, बाटल्या आणि मोडके लोखंड भंगारवाला नेत असे. वस्तूचा एक उपयोग संपला की दुसरा सुरू होत असे.

भाड्याच्या खोलीत गोठा नाही, परसू नाही आणि उकिरडाही नाही. शिळी भाजी, दुधाची पिशवी, बिस्किटाचे वेष्टन, फुटकी काच आणि संपलेली बॅटरी ही सर्व एकाच बादलीत पडतात. कचऱ्याचे ओझे वाढते ते केवळ वस्तू वाढल्यामुळे नव्हे, तर त्या एकमेकींत मिसळल्यामुळे. ओल्या अन्नाने भिजलेला कागद रद्दीवाला घेत नाही. खरकट्याने माखलेले प्लॅस्टिक भंगारात विकले जात नाही. काचेचे तुकडे मिसळलेले खत कोणताही शेतकरी आपल्या शेतात टाकू देत नाही. ज्या तीन वस्तूंना वेगवेगळे मोल होते, त्या एकत्र येताच तिन्ही मोलहीन होतात आणि त्यांचा ढीग गायरानात, ओढ्याकाठी किंवा रस्त्याच्या कडेला साचतो. म्हणून वर्गीकरण करावयाचे ते ढिगाऱ्यावर नव्हे, घराच्या उंबरठ्याशीच केले पाहिजे. घरात त्याला दोन मिनिटे लागतात. ढिगाऱ्यावर तेच काम दुसऱ्या कोणाला तरी उघड्या हातांनी, आरोग्य धोक्यात घालून करावे लागते.

तीन भांड्यांची शिस्त

केंद्र शासनाने २०१६ मध्ये अधिसूचित केलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशी कचऱ्याची तीन प्रकारांत विभागणी सांगितली. त्याच वर्षीच्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी ग्रामपंचायतींवरही जबाबदारी सोपविली. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकच्या पिशव्या व काही वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली, तर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली.

नियमांचा अर्थ गृहिणीच्या दृष्टीने सोपा आहे. कुजणारे ते एका भांड्यात, न कुजणारे ते दुसऱ्या पिशवीत आणि बॅटरी, जुनी औषधे, रंगाचे व कीटकनाशकांचे डबे तिसरीकडे. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नये, पिशवीलाच लागून राहू द्यावा. सुटलेला इवलासा तुकडा कोणाच्या हाती लागत नाही. तो गटारात किंवा जनावरांच्या पोटात जातो. पिशवी धुऊन वाळविली तर ती मात्र विकली जाते.

ओल्या कचऱ्याचे सोने

ओल्या कचऱ्याला दुर्गंधी येते ती हवा न मिळाल्यामुळे. त्याचे थर मोकळे ठेवले, पाणी साचू दिले नाही आणि वाळलेला पाला मिसळला, तर वास न येता तो कुजतो. खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने तळाशी व बाजूंना छिद्रे पाडलेला जुना माठ किंवा बादली घ्यावी, खाली वाळलेला पाला अंथरावा आणि रोजच्या भाजीच्या कचऱ्यावर तितकाच पाला किंवा थोडी माती टाकावी. दोन ते तीन महिन्यांत काळसर, मातीचा वास येणारे खत हाती येते.

वाडी-वस्तीसाठी ‘नाडेप’ पद्धत अधिक सोयीची आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे शेतकरी नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ती विकसित केली आणि त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ती ओळखली जाऊ लागली. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे जाळीदार भिंतींचे विटांचे टाके बांधावयाचे, त्यात पालापाचोळा, शेणाचे पाणी आणि चाळलेली माती यांचे थर आलटून पालटून द्यावयाचे आणि वरून शेणमातीने लिंपावयाचे. विटांमधील छिद्रांतून हवा खेळते. सुमारे ९० ते १२० दिवसांत खत तयार होते. या पद्धतीत शेण थोडे पुरते. ज्या गावात गुरे कमी झाली आहेत तेथे हा मोठा लाभ होय.

उरलेल्या अन्नापासून इंधनही मिळते. पुण्याच्या समुचित तंत्रज्ञान संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली स्वयंपाकघरातील कचऱ्यावर चालणारे लहान जैववायू संयंत्र तयार केले आणि २००६ मध्ये त्यास ॲश्डेन पारितोषिक मिळाले. खाणावळी, वसतिगृहे आणि कारखान्यांची उपाहारगृहे यांना हा मार्ग विशेष सोयीचा आहे.

जुन्याला नवा उपयोग

सुक्या कचऱ्यापैकी पुष्कळशा वस्तू थेट वापरता येतात. जुन्या साड्यांच्या बाजाराच्या पिशव्या शिवण्याचे काम गावातील महिला बचत गट सहज करू शकतात. बंदी आलेल्या प्लॅस्टिक पिशवीची जागा घेणारी वस्तू गावातच तयार होते. जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून शाळेत कच्च्या कामाच्या वह्या करता येतात. गोधडीची कला तर घराघरांत आहेच.

मात्र पुनर्वापराला मर्यादा आहे आणि औद्योगिक गावाने ती विशेष जपली पाहिजे. कारखान्यातून बाहेर पडलेली पिंपे स्वस्तात मिळतात म्हणून त्यांत पिण्याचे पाणी किंवा धान्य साठविणे धोक्याचे आहे. त्यांत पूर्वी कोणते रसायन होते हे घरी कळत नाही आणि ते धुऊन जातेच असेही नाही. प्लॅस्टिक व रंगीत वेष्टने चुलीत किंवा बंबात पेटविल्यास विषारी धूर निघतो आणि तो सर्वप्रथम घरातील स्त्रिया व मुलांच्या छातीत जातो. कारखान्यांचा घातक कचरा गावच्या कचऱ्यात मिसळता कामा नये; त्याच्या विल्हेवाटीची सामाईक व्यवस्था शिरूर तालुक्यातच रांजणगाव औद्योगिक क्षेत्रात आहे.

पंचायतीचे आणि शाळेचे काम

स्वच्छता हे कायद्याने ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहे. स्वच्छ भारत अभियान ग्रामीणच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांना दरडोई ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावांना दरडोई ४५ रुपये अशी तरतूद ठरविण्यात आली. ही रक्कम मोठी नाही. वेगळा न केलेला कचरा वाहून नेण्यातच ती संपते. वेगळा केलेला कचरा मात्र स्वतःचा काही खर्च स्वतः भागवितो.

वेगळा केलेला कचरा कोणाच्या हाती जातो, हेही महत्त्वाचे आहे. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निर्माण झाली. दारोदार जाऊन वेगळा कचरा घेणाऱ्या या कष्टकरी स्त्रियांनी या कामाला मान आणि उत्पन्न दोन्ही मिळवून दिले. गावातील भंगार गोळा करणाऱ्यांना ग्रामपंचायतीने ओळखपत्र, हातमोजे आणि सुका कचरा निवडण्यासाठी एक शेड दिली, तर तेच गावाचे सर्वांत भरवशाचे सहकारी ठरतील. भाडेकरूंना मात्र गावसभेची सवय नसते. त्यांच्यापर्यंत ही माहिती खोलीमालकांमार्फत, त्यांना समजेल अशा भाषेत पोहोचविली पाहिजे. शिक्षकांनी मुलांकडून आठवडाभर घरच्या कचऱ्याची नोंद करून घेतली, तर किती कचरा मुळात टाळता आला असता हे प्रत्येक घराला आपोआप कळेल.

संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली आणि २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्राम स्वच्छता अभियान महाराष्ट्रात सुरू झाले. खराट्याने रस्ता स्वच्छ होतो. परंतु झाडलेला केर कोठे जातो, याचे उत्तर प्रत्येक घराने द्यावयाचे आहे. सणसवाडीसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या गावांत कचरा टाकण्यास मोकळी जागा दिवसेंदिवस कमी होत आहे. ती संपण्यापूर्वी घरोघरी दोन भांडी आणि एक पिशवी आली, तर गावाला नव्या जागेचा शोध घ्यावा लागणार नाही.