पाठीवर सही नसलेली हुंडी

बारामती आणि इंदापूरच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या कुटुंबांत एक शिरस्ता होता. गल्ल्यावर बसलेला माणूस पक्षाविषयी बोलत नसे. त्याला मत नसे असे नव्हे. परंतु ते मतपेटीत जाई आणि तेथेच राही. उधारीच्या वहीत सर्व जातींची व सर्व गटांची खाती शेजारी शेजारी नांदत. ज्याला सर्वांशी व्यवहार करावयाचा आहे, त्याला गुप्त मतदानाचे मोल अधिक कळते.

2024 च्या निवडणुकांनी या शिरस्त्याची कसोटी पाहिली. लोकसभेला बारामतीत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, म्हणजे नणंद-भावजय, समोरासमोर होत्या. 4 जूनला सुप्रिया सुळे 1 लाख 58 हजारांहून अधिक मतांनी विजयी झाल्या. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला बारामतीत अजित पवार आणि युगेंद्र पवार ही काका-पुतण्याची लढत झाली, तर इंदापुरात दत्तात्रय भरणे आणि हर्षवर्धन पाटील पुन्हा एकमेकांविरुद्ध उभे राहिले. एकाच घराण्यातील आणि एकाच पक्षातून फुटलेल्या दोन बाजूंपैकी एक निवडणे मतदारांना जड गेले. त्यात मोबाइलची भर पडली. स्टेटसला कोणते चिन्ह आहे, कोणत्या सभेच्या छायाचित्राला अंगठा दिला, कोण कोणत्या ग्रुपमधून बाहेर पडला, यांवरून माणसाची बाजू ठरू लागली. गप्प राहणाऱ्याच्या मौनाचाही अर्थ लावला जाऊ लागला. कायद्याने झाकलेले मत अशा रीतीने आपल्याच हातांनी उघडे पडते.

समोरासमोरच्या बोलण्यात चेहरा दिसतो, आवाज नरम करता येतो, शब्द मागे घेता येतो. ग्रुपमध्ये शंभर जण पाहत असतात. तेथे उत्तर चुलत्याला द्यावयाचे असते, पण दिले जाते ते आपल्या बाजूच्या लोकांना दाखविण्यासाठी. वाढदिवसाच्या आणि क्षमापनेच्या संदेशांसाठी काढलेल्या ग्रुपमध्ये घरचीच माणसे दोन तट करून बसतात.

याचे भयंकर टोक महाराष्ट्राने पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील 5 जणांना ठार मारले. तशा अफवा त्या काळात मोबाइलवरून गावोगाव पसरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी 5 ठिकाणीच पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा जाहीर केली.

व्यापाऱ्याला यातील दोष चटकन उमजावा. हुंडी किंवा चेक दुसऱ्याच्या नावे करताना पाठीवर सही करावी लागते. 1881 च्या कायद्यानुसार, तो कागद न वटल्यास त्या सहीचा धनीही सामान्यतः जबाबदार ठरतो. म्हणून सही करण्यापूर्वी कागद उलटसुलट पाहिला जातो. पुढे ढकललेला संदेश मात्र पाठीवर सही नसलेली हुंडी होय. तो शेकडो हातांतून जातो. खोटा ठरला की कोणीच धनी उरत नाही.

म्हणून मोबाइल त्याज्य ठरत नाही. जानेवारी 2023 मध्ये सम्मेद शिखरजीच्या पावित्र्यासाठी देशभर मोर्चे निघाले, तेव्हा दूरदूरचा समाज एकत्र आणण्यात याच साधनाचा मोठा वाटा होता. 5 जानेवारीला केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. परंतु एकत्र येणे वेगळे आणि सर्वांनी एकाच सुरात बोलणे वेगळे. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या समाजाने तरी हा फरक विसरू नये.

उपाय घरातूनच सुरू होऊ शकतो. कुटुंबाचा ग्रुप कुटुंबापुरता ठेवावा. मतभेद असेल तर तो जेवणाच्या वेळी, समोर बसून बोलावा. आणि कोणताही संदेश पुढे पाठविण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे: याखाली आपण आपल्या नावाची सही केली असती का?