दोन इंच

मिस्त्रींनी काम सुरू केलं ते पान्ह्याला हात न लावता. जिप्सी सपाट फरशीवर घेतली, चारही टायरांत सारखी हवा भरली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरून चार आकडे खडूने भिंतीवर लिहिले. उजवी बाजू पाऊण इंच खाली होती. "ड्रायव्हर एकटाच बसत आला की असं होतं, ताई. पाटा त्या अंगाला बसतो," ते म्हणाले.

भोरजवळचं हे गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड. गाडी माझ्या वडिलांची. मारुतीने १९८५ साली बाजारात आणलेल्या जिप्सीची रचना शेवटपर्यंत फारशी बदलली नाही: पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि चारही चाकांवर पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. म्हणून तर ती खेड्यातल्या गॅरेजात दुरुस्त होते. आमच्या वाडीकडे जाणारा शेवटचा कच्चा रस्ता पावसाळ्यानंतर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांनी इतका खोल होतो, की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. गाडी उचलून घ्यायचं मी ठरवलं ते या उंचवट्यासाठी.

मिस्त्रींनी मला खाली वाकायला लावलं आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या गोळ्यावर, म्हणजे डिफरन्शियलवर, टॉर्च मारला. त्याच्या बुडाला दगडांचे ओरखडे होते. "हा गोळा पाट्याने वर जात नाही. अ‍ॅक्सल चाकाला जोडलेला. पाटा वाढवला की चेसिस वर जाते, बॉडी वर जाते. हा आहे तिथेच राहतो." गाडी उंच करणाऱ्या बहुतेकांना हे आधी कोणी सांगत नाही. मलाही सांगितलं नव्हतं. गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. मूळचा २०५/७० आर १५ काढून २१५/७५ आर १५ घातला तर टायरचा व्यास साधारण ३५ मिलिमीटरने वाढतो आणि अ‍ॅक्सल त्याच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम १८ मिलिमीटर वर येतो. पाटे बदलायचे ते चेसिसचं पोट वर यावं म्हणून, आणि मोठा टायर वळताना मडगार्डला घासू नये म्हणून.

स्वस्तातला मार्ग मीच सुचवला होता: पाट्याचं एक टोक ज्या शॅकलवर झुलतं ती शॅकल लांब करायची. मिस्त्रींनी ठाम नकार दिला. शॅकलने पाट्याचं एकच टोक हलतं, त्यामुळे एक इंच उंचीसाठी शॅकल दोन इंच लांब करावी लागते. शिवाय जिप्सीत पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती वाढवली की पाटा पुढे झुकतो आणि त्याच्याबरोबर अ‍ॅक्सलही फिरतो. सायकलचा पुढचा चिमटा थोडा तिरपा असतो म्हणून हात सोडले तरी चाक सरळ धावतं. तोच तिरपेपणा इथे कमी होतो आणि वेगात स्टेअरिंग भरकटायला लागतं. आम्ही दोन इंच जास्त कमान असलेले नवे पाटे आणि त्यांच्या मापाचे लांब शॉकअप घेतले. जुने शॉकअप ठेवले असते तर चाक खड्ड्यात लटकल्यावर पाट्याआधी तेच ताणून तुटले असते.

चेसिसखाली घोड्या लावून चाकं काढली, आणि मग गंजाशी गाठ पडली. शॅकलचा एक बोल्ट बुशच्या नळीत असा धरून बसला होता, की तेल सोडून, तापवून, हातोडा मारून दोन तास गेले. शेवटी ग्राइंडरने कापला. जुने यू-बोल्ट तर मिस्त्रींनी थेट भंगारात टाकले. एकदा ताण घेऊन लांबलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. नवा पाटा अ‍ॅक्सलखाली धरून सेंटर बोल्टचं डोकं बरोबर भोकात बसवणं हे दोघांचं काम. डोकं बसलं नाही तर अ‍ॅक्सल तिरका राहतो. यू-बोल्टचे चार नट कर्णरेषेत, थोडे थोडे आवळले. पाट्याच्या दोन्ही टोकांचे बोल्ट मात्र सैलच ठेवले. गाडी जमिनीवर येऊन पाटा वजनाखाली बसला, तेव्हाच ते आवळले. लटकत्या पाट्यावर आवळले असते तर रबरी बुश कायमचा पिळलेला राहून लवकर फाटला असता.

यानंतरचा अर्धा दिवस मला सगळ्यात मोलाचा वाटला. चेसिस पुन्हा जॅकवर घेऊन चाकं पूर्ण लटकवली आणि मिस्त्री एकेका चाकाशी बसले. ब्रेकचा रबरी पाइप पुढे डावीकडे तारेसारखा ताणलेला निघाला. तो लांब पाइप येईपर्यंत गाडी शेडबाहेर काढायची नाही, असं त्यांनी सांगितलं. प्रॉपेलर शाफ्टचे सरकते दाते किती आत उरले, हे खडूची खूण करून पाहिलं. स्टेअरिंगचा दांडा आता जास्त तिरपा झाला होता, म्हणून सरळ चालताना व्हील एका बाजूला वळलेलं राहत होतं. दांड्याची लांबी फिरवून तेही जागेवर आणलं.

कोणी पाटा अ‍ॅक्सलच्या वर घेऊन एकदम पाच-सहा इंच उंची काढतं. मला ते पटत नाही. घाटात वळणावर गाडीचा तोल हाच माणसांचा जीव असतो. आणि कायद्याचंही पाहावं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारा, पाटे नंतर घ्या.

मोठ्या टायरमुळे आता काटा ६० वर असतो तेव्हा गाडी ६३ ने धावत असते, हे मी लक्षात ठेवते. त्या चाकोऱ्यांत चेसिसचं पोट आता टेकत नाही. गोळा अजून एका जागी घासतो, तिथे मी एक चाक उंचवट्यावर चढवून जाते. पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडी परत शेडमध्ये नेली. आठपैकी तीन यू-बोल्टांचे नट पाव फेरा फिरले. तुम्ही पाटे बदललेत, तर ही दुसरी फेरी चुकवू नका.