पहारेकरी बदलला, तरी वही तीच!

एखाद्या मोठ्या कचेरीच्या प्रवेशद्वारावर दोन पहारेकरी नेमलेले आहेत अशी कल्पना करा. एक दारात उभा असतो, दुसरा गरज पडेल तेव्हासाठी सज्ज असतो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करून पहिला पहारेकरी वहीत नोंद करतो. दुपारी तो भोवळ येऊन पडतो. दुसरा तत्काळ त्याची जागा घेतो. पण वही मात्र त्याच्या हाती नसते. जेवणासाठी बाहेर गेलेले कर्मचारी परततात, तेव्हा नवा पहारेकरी त्यांना ओळखत नाही आणि सर्वांनाच अडवून धरतो. दारावर पहारा आहे, तरीही कामकाज ठप्प!

संगणकांच्या जाळ्यात नेमका हाच प्रश्न 'फायरवॉल'समोर उभा राहतो. बाहेरचे इंटरनेट आणि आतले संगणक यांच्यामध्ये उभी असलेली ही यंत्रणा बंद पडली, तर संपूर्ण संस्थेचा संपर्क तुटतो. म्हणून बँका, रुग्णालये, विद्यापीठे अशा ठिकाणी एकाऐवजी दोन फायरवॉल बसविल्या जातात. मात्र केवळ दुसरे यंत्र विकत घेतल्याने प्रश्न सुटत नाही.

फायरवॉलची स्मरणशक्ती

आजच्या बहुतेक फायरवॉल प्रत्येक पॅकेट नियमांच्या यादीशी ताडून पाहत नाहीत. जोडणीचे पहिले पॅकेट नियमांच्या कसोटीला उतरले, की त्या जोडणीची नोंद स्मृतीतील एका तक्त्यात केली जाते. त्यालाच 'स्टेट टेबल' म्हणतात. दोन्ही टोकांचे पत्ते, त्यांचे पोर्ट क्रमांक, संवाद कोणत्या टप्प्यावर आहे आणि टीसीपीचे अनुक्रमांक कुठपर्यंत पोहोचले आहेत, हा सारा तपशील त्यात असतो. पुढची पॅकेट्स या नोंदीशी जुळली, की ती थेट पुढे सोडली जातात. यामुळे वेग तर वाढतोच, शिवाय मध्येच घुसविलेले बनावट पॅकेटही ओळखता येते.

आतल्या अनेक संगणकांना बाहेर जाण्यासाठी एकच सार्वजनिक पत्ता असेल, तर या नोंदीचे महत्त्व अधिकच वाढते. बाहेरून आलेले उत्तर आतल्या नेमक्या कोणत्या संगणकाचे, हे त्या नोंदीखेरीज कळू शकत नाही. साहजिकच, मुख्य फायरवॉल बंद पडून राखीव फायरवॉल रिकाम्या तक्त्यासह पुढे आली, तर चालू असलेल्या सर्व जोडण्या तुटतात. अर्ध्यावर पोहोचलेली मोठी फाइल किंवा दूरस्थ संगणकावर चाललेले काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते.

ओपनबीएसडीचा तोडगा

या प्रश्नाचे सर्वांना खुले असलेले एक उत्तर 'ओपनबीएसडी' या मुक्त संगणकप्रणालीने दिले. डिसेंबर 2001 मध्ये तिच्या 3.0 या आवृत्तीत 'पीएफ' ही फायरवॉल आली. 2003 मधील 3.3 आवृत्तीत 'पीएफसिंक' दाखल झाले आणि 2004 मध्ये 3.5 आवृत्तीबरोबर 'कार्प' आले. या दोहोंची कामे वेगळी आहेत. दारात कोणी उभे राहायचे हे कार्प ठरविते, तर वहीची प्रत दुसऱ्याकडे पोहोचविण्याचे काम पीएफसिंक करते.

कार्पमध्ये दोन्ही यंत्रे एकच आभासी पत्ता वाटून घेतात. मुख्य यंत्र साधारणपणे दर सेकंदाला 'मी जागा आहे' असा संदेश देत राहते. हे संदेश काही सेकंद आले नाहीत, की राखीव यंत्र तो पत्ता स्वतःकडे घेते. आतल्या संगणकांना या बदलाची चाहूलही लागत नाही. अशा कामासाठी व्हीआरआरपी हे प्रमाणित तंत्र आधीपासून होते. परंतु त्यावर सिस्को कंपनीने पेटंटचा हक्क सांगितल्याने ओपनबीएसडीच्या मंडळींनी स्वतःचे तंत्र रचले. त्यासाठी अधिकृत प्रोटोकॉल क्रमांक मिळू शकला नाही, म्हणून कार्पने व्हीआरआरपीचाच 112 हा क्रमांक, तर पीएफसिंकने 240 हा क्रमांक वापरला.

प्रत्येक बदल कळवायचा?

नवी जोडणी झाली, बदलली वा संपली, की पीएफसिंक त्याचा संदेश दुसऱ्या यंत्राला धाडते. मात्र व्यग्र जाळ्यात एकेका जोडणीची स्थिती क्षणोक्षणी बदलत असते. प्रत्येक बदलासाठी वेगळा संदेश पाठविला, तर निरोपांचीच गर्दी होईल. म्हणून एकाच जोडणीचे अनेक बदल एका संदेशात एकत्र केले जातात. याची किंमत एवढीच, की अगदी शेवटच्या क्षणी झालेले काही बदल निसटू शकतात. हरवलेले पॅकेट पुन्हा पाठविण्याची सोय टीसीपीतच असल्याने बहुतेक वेळा ही उणीव भरून निघते.

बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू झाले, की ते प्रथम जोडीदाराकडे संपूर्ण तक्ता मागते. तो हाती येईपर्यंत कार्प त्याला मुख्य स्थान घेऊ देत नाही. दोन्ही फायरवॉल एकाच वेळी काम करीत असतील, तर आणखी एक अडचण येते. जाणारे पॅकेट एकीकडून गेले आणि उत्तर दुसरीकडून आले, तर नोंद पोहोचण्यापूर्वीच उत्तर दारात उभे राहते. त्यासाठी नोंदीची पोच मिळेपर्यंत किंवा ठरावीक मुदत संपेपर्यंत पहिले पॅकेट रोखून धरण्याचा पर्याय पीएफसिंकमध्ये आहे.

दक्षता हवीच

या व्यवस्थेची एक नाजूक बाजू आहे. पीएफसिंकच्या संदेशांची सत्यता पडताळली जात नाही. त्या तारेवर कोणी परका शिरला, तर तो बनावट नोंद घुसवून नियमांना वळसा घालू शकतो. म्हणून दोन फायरवॉलमध्ये केवळ याच कामासाठी स्वतंत्र तार जोडावी, अन्यथा आयपीसेकचे कवच वापरावे, असा दंडक आहे. दोन्ही यंत्रांवरील नियमही तंतोतंत सारखे असावे लागतात.

खरा धोका मात्र बेसावधपणाचा. ही तार निसटली, तरी दोन्ही यंत्रे चालूच राहतात आणि वापरणाऱ्यांना काहीही जाणवत नाही. वहीची प्रत होणे थांबले आहे, हे पहिला पहारेकरी कोसळतो त्या दिवशीच उघड होते. त्यामुळे दोन फायरवॉल बसवून निश्चिंत होण्यापेक्षा, ठरवून एखाद्या शांत वेळी मुख्य यंत्राची वीज बंद करावी आणि चालू असलेली एखादी जोडणी टिकते का, हे पाहावे. ती टिकली, तरच दुसऱ्या यंत्रावर केलेला खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.