वाळवंटातली रात्र खरंच थंड असते का?

आज वाळवंटातल्या मुक्कामाबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात आपल्या गिरणेच्या पात्रातून करू. वैशाखात भर दुपारी तिथल्या वाळूत अनवाणी उभं राहून बघा, पाय पोळतात. तीच वाळू पहाटे पायाला गार लागते. आता घराच्या गच्चीचा स्लॅब आठवा. रात्री अकराला पाणी मारलं तरी अंथरूण गरमच. ऊन दोघांवर सारखंच पडलं होतं, मग हा फरक कुठून आला?

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही जैसलमेरला गेलो. मनमाडला गाडी धरली, वाटेत बदलली. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर सम गावाजवळ वाळूच्या टेकड्या आहेत. तंबू नको, उघड्यावर झोपू, हा हट्ट आमचाच. दुपारी अंगात घाम होता, म्हणून निम्मे गरम कपडे लॉजवर ठेवले. मध्यरात्री दात वाजायला लागले. त्यात शांतता अशी की झोप येईना. रात्रभर लूमच्या खडखडाटात झोपणारे आपण मालेगावकर! मृग आणि व्याध लख्ख दिसत होते, ते बघत पडलो.

उंटवाल्याने अंथरुणं टेकडीच्या मधल्या उतारावर घातली होती. आम्ही शहाणे, वारा लागू नये म्हणून खालच्या खोलगट जागेत सरकलो. तिथे जास्तच गारठा. थंड हवा जड असते. ती उतारावरून घरंगळत खाली साचते. तो हसला आणि म्हणाला, वाळूत हात घाला. वरची वाळू बर्फासारखी, पण मनगटभर खाली चक्क कोमट! कोरड्या वाळूच्या कणांमध्ये हवा असते, त्यामुळे उष्णता खोल जात नाही. वरचा पातळ थर तेवढा तापतो आणि सूर्य गेला की तितक्याच लवकर निवतो. वरून आकाश कोरडं. हवेतली वाफ जमिनीची उष्णता अडवून परत खाली पाठवते, गोधडीसारखी. जैसलमेरला वर्षाचा पाऊस जेमतेम 200 मिलिमीटर; हिवाळ्यात तिथे ही गोधडी अगदीच विरळ. जानेवारीत दिवसा सरासरी 24 अंश, पहाटे 8.

इथपर्यंत सगळे मान डोलावतात. पण यावरून ‘वाळवंटात रात्री थंडीच असते’ असं कोणी धरून चाललं, तर ते जिवावर बेतू शकतं. मालेगावात वाळवंटात रात्र काढलेली बहुतेक माणसं जैसलमेरची नाहीत, हजची आहेत. अराफातहून सूर्यास्तानंतर निघायचं, मुजदलिफाच्या मैदानात उघड्यावर रात्र काढायची, जमरातसाठी खडे वेचायचे. आमच्या गल्लीतले एक हाजीसाहेब 2006 च्या जानेवारीत गेले होते. अंगावर एहरामची दोन न शिवलेली वस्त्रं, पहाटे कुडकुडले. तेव्हापासून जो निघेल त्याला सांगतात, शाल घ्या.

सल्ला प्रेमाचा आहे, पण चांद्रवर्ष अकरा दिवसांनी लहान. हज दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि 2024 मध्ये तो जूनमध्ये आला. मक्केत दुपारी 51 अंशांच्या वर पारा गेला. त्या हजमध्ये 1,301 यात्रेकरू दगावल्याचं सौदी सरकारने जाहीर केलं. त्यातले बरेचसे नोंदणीविना आलेले, सावलीचा तंबू नसलेले, उन्हात लांब चाललेले होते. आणि रात्र? जूनमध्ये मक्केत पहाटेचं सरासरी तापमानही 29 अंशांच्या आसपास. भोवती खडकाचे डोंगर, मध्ये डांबर आणि काँक्रीट. ही आपल्या स्लॅबसारखी, दिवसभर उष्णता खोल मुरवतात आणि रात्रभर सोडतात. शिवाय तांबडा समुद्र फार दूर नाही, हवा जैसलमेरइतकी कोरडी राहत नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला निवायला रात्र लागते. तीच मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन जास्त लागतं, म्हाताऱ्यांना तर फारच.

एक चिठ्ठी आली आहे: “आमच्या आईचा नंबर पुढच्या एक-दोन वर्षांत लागेल. सोबत काय द्यावं?” तोवर हज मे महिन्यातच असेल. छत्री, पाण्याची बाटली, ओआरएसच्या पुड्या, ओला करून मानेवर ठेवायला पंचा. रात्री तहान नसली तरी थोडं थोडं पाणी प्यायला सांगा; मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर किती प्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा. शाल घरीच राहू द्या. 2038 च्या सुमारास हज पुन्हा जानेवारीत येईल, तेव्हा ती कोणाच्या तरी उपयोगी पडेल.