खताच्या गोण्यांचा मेळ

वेळेवर पेरावयाच्या बागायती गव्हास हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश द्यावे, अशी शिफारस आहे. एकराच्या हिशेबाने हे प्रमाण ४८, २४ व १६ किलो होते. दुकानात मात्र नत्र किंवा स्फुरद या नावाची गोणी मिळत नाही. तेव्हा हाती येतील त्या गोण्यांतून या तीन बेरजा जुळवून घेणे हे शेतकऱ्याचेच काम ठरते. पुष्कळ शेतकरी डीएपी मिळाले नाही म्हणून पेरणी लांबवितात. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा उलटून जातो आणि गव्हाचे उत्पादन घटते. वास्तविक हीच बेरीज अन्य गोण्यांनीही पुरी होते.

प्रथम प्रत्येक गोणीत काय आहे ते पाहू. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. त्याची गोणी २०१८ सालापासून ५० ऐवजी ४५ किलोंची झाली असल्याने तीत २०.७ किलो नत्र भरते. जुन्या सवयीने २३ किलो धरणाऱ्यांचा हिशेब येथेच चुकतो. पुढील सर्व गोण्या ५० किलोंच्या आहेत. डीएपीच्या गोणीत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद, सिंगल सुपर फॉस्फेटच्या गोणीत ८ किलो स्फुरद आणि म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीत ३० किलो पालाश असते. १०:२६:२६ या संयुक्त खताच्या गोणीतून ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद व १३ किलो पालाश मिळते.

मेळ घालताना आरंभ युरियापासून कधीही करू नये. समजा, ४८ किलो नत्र युरियातूनच पुरे केले आणि मग स्फुरदासाठी डीएपीची गोणी घेतली, तर तिच्याबरोबर आलेले ९ किलो नत्र वर पडते व बेरीज ५७ वर जाते. पैसा जातो तो जातोच. शिवाय नत्र अधिक झालेला गहू लोळतो. म्हणून ज्या गोणीत एकाहून अधिक अन्नद्रव्ये आहेत ती आधी मांडावी, तिने दिलेले वजा करावे, आणि ज्यात केवळ नत्रच आहे तो युरिया अखेरीस घ्यावा.

या रीतीने पाहता डीएपी एक गोणी, युरिया दोन व पोटॅश अर्धी गोणी घेतल्यास ५०.४ किलो नत्र, २३ किलो स्फुरद व १५ किलो पालाश मिळते. किलो-दोन किलोंच्या अशा फरकाने पिकाचे काही बिघडत नाही. त्यासाठी गोणी फोडून तोळामासा करीत बसण्याचे कारण नाही.

डीएपी नसेल तर सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांत स्फुरद बरोबर २४ किलो येते. जोडीला १०५ किलो युरिया व पोटॅशची अर्धी गोणी घ्यावी. सुपर फॉस्फेटमध्ये शेकडा ११ भाग गंधक असल्यामुळे साडेसोळा किलो गंधकही जमिनीत पडते, हा लाभ डीएपीत नाही. ओझे वाढते खरे, आणि बैलगाडीच्या दोन फेऱ्या होतील.

पोटॅशही न मिळाल्यास १०:२६:२६ ची सव्वा गोणी घ्यावी. तीत पालाश सव्वासोळा किलो येऊन तो रकाना पुरा होतो. स्फुरदही तेवढेच येते, म्हणजे आठ किलो उणे राहते. ते सुपर फॉस्फेटची एक गोणी भरून काढते. नत्र सव्वासहा किलो आलेले असते, त्यात युरियाच्या दोन गोण्या मिळविल्या की ४७.६५ होते. तिन्ही मेळांची किंमत आपल्या दुकानातील भावाने मांडून पाहावी व स्वस्त पडेल तो घ्यावा. माती परीक्षणाने वेगळी मात्रा सांगितली असल्यास बेरजेचे आकडे बदलतात, रीत तीच राहते.

सर्व स्फुरद व पालाश आणि निम्मे नत्र पेरणीच्या वेळी दोन चाड्यांच्या पाभरीने द्यावयाचे असते. हे निम्मे, म्हणजे २४ किलो, मोजताना डीएपीतून आलेले ९ किलो आधी वजा करावे. उरलेल्या १५ किलोंसाठी सुमारे ३३ किलो युरिया लागतो. बाकीचा ५७ किलो सुमारे २१ दिवसांनी पहिल्या पाण्याच्या वेळी द्यावा. सुपर फॉस्फेट व युरिया एकत्र करून ठेवल्यास मिश्रणास पाणी सुटते व ते पाभरीतून उतरत नाही, यास्तव ते पेरणीच्या वेळीच शेतावर मिसळावे.