रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा धोकादायक का? गॅस कटर लावण्याआधी हे वाचा

भंगारवाल्याकडून २०० लिटरचा लोखंडी ड्रम आणायचा, गॅस कटरने झाकण कापायचं आणि त्याचं पाण्याचं पिंप किंवा तंदूर भट्टी करायची. हे काम गावोगावी चालतं. पण कापताना ड्रम फुटून कामगार दगावल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. तो ड्रम बहुतेक वेळा ‘रिकामा’च असतो. मग स्फोट कशाचा होतो?

रिकामा म्हणजे खरंच रिकामा?
नाही. ड्रम उलटा केला तरी तळाच्या घडीत आणि पोच्यांत थोडा द्रव राहतोच. जळतो तो द्रव नाही, त्याची वाफ. काठोकाठ भरलेल्या ड्रममध्ये हवेला जागा कमी असते. रिकाम्या ड्रममध्ये मात्र वाफ आणि हवा मिसळते आणि ठिणगीची वाट बघते.

किती द्रव पुरतो?
थिनरमध्ये वापरलं जाणारं टोल्यूइन घ्या. हवेत त्याची वाफ साधारण १.१ ते ७.१ टक्के असली की ती पेट घेते. २०० लिटरच्या ड्रममध्ये खालची मर्यादा गाठायला सुमारे १० मिलिलिटर, म्हणजे दोन छोटे चमचे टोल्यूइन पुरतं. जाड तेलाच्या ड्रमलाही सूट नाही, कटरने पत्रा तापला की त्या तेलाचीही वाफ होते.

ड्रम खराब आहे, हे कसं ओळखाल?
- पोचा: कडेच्या घडीवर किंवा उभ्या जोडावर पोचा असेल तर गळती तिथूनच सुरू होते.
- गंज: पत्रा पातळ होतो. असे ड्रम एकावर एक रचले तर खालचा दबतो. आत आम्ल असेल तर लोखंडाशी क्रिया होऊन ज्वालाग्राही हायड्रोजन तयार होतो.
- फुगलेलं झाकण: आत दाब साठला आहे. बूच उघडू नका, ड्रम हलवू नका. लोकांना दूर करा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.

पाण्याने धुतला तर चालेल?
नुसतं विसळून भागत नाही. टोल्यूइन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे मागे राहिलेल्या थेंबांतून पुन्हा वाफ होते. वास येत नाही म्हणजे वाफ नाही, असंही नाही. कारखान्यांत ड्रम साफ केल्यावर गॅस मीटरने आतली हवा तपासतात आणि मगच कापायची परवानगी देतात.

नियम काय सांगतो?
केंद्राच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार घातक रसायन लागलेले रिकामे ड्रम हाही घातक कचराच आहे. कारखान्याने ते राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या व्यावसायिकाकडेच द्यायचे असतात.

मग आपण काय करायचं?
लेबल खरवडलेला किंवा आत काय होतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसलेला ड्रम घेऊ नका. पाण्यासाठी रसायनाचा जुना ड्रम कधीच वापरू नका. आणि वेल्डरने ‘रिकामाच आहे ना?’ असं विचारलं, तर खात्रीशिवाय ‘हो’ म्हणू नका. तुमच्या त्या एका ‘हो’वर भरवसा ठेवून तो कटर पेटवणार असतो.