पहिले चाळीस तास

ऑगस्ट २०२१. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एक चोवीस वर्षांचा कारागीर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना दगावला. शिक्षण आठवीपर्यंत, हात वेल्डिंगमध्ये बसलेला, इंजिन मारुती ८०० चं. यंत्र जमिनीवरच होतं. शेपटीकडच्या पंख्याचं पातं तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि त्या पंख्याचा तडाखा त्याला बसला. बातम्यांनी त्याच्या जिद्दीचं कौतुक केलं, ते रास्तच होतं. पण पातं तुटलं कशामुळे, हे पुढच्या कारागिराला कळायला हवं.

पातं फिरताना त्याला बाहेर खेचणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. फेरे १० टक्के वाढले की ताण २१ टक्क्यांनी चढतो. जोडाजवळ केसाएवढी चीर असली, तर ती डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून असं यंत्र पहिल्यांदा जमिनीला जखडून, आत कुणी न बसता, पात्यांच्या रेषेत कुणी उभं न राहता, दुरूनच चालवायचं असतं. इथे जालन्यातही भंगार वितळवून सळ्या बनवणारे कारखाने आहेत, पट्टीचे वेल्डर आणि टर्नर आहेत. उद्या इथल्याच एखाद्या शेडमध्ये असं यंत्र उभं राहू शकतं.

घरी विमान बांधणाऱ्यांची अमेरिकेतली संघटना १९५३ पासून चालू आहे. तिथल्या अपघात तपास मंडळाने २०११ मधले अशा विमानांचे अपघात एकेक करून तपासले आणि २०१२ मध्ये अहवाल दिला. पाच हजारांहून अधिक विमानमालकांनी स्वतःची माहिती भरून दिली होती. छोट्या खासगी विमानांत घरी बांधलेली जेमतेम दहा टक्के, पण जीवघेण्या अपघातांत त्यांचा वाटा २१ टक्के. पंख मोडणं, सांगाडा तुटणं हे क्वचितच घडलं होतं. घात केला तो इंजिन बंद पडण्याने आणि हवेत ताबा सुटण्याने. तेही अनेकदा सुरुवातीच्या उड्डाणांत, किंवा जुनं विमान नव्या मालकाच्या हाती आल्यावर लगेच. तिथे नव्या विमानाला साधारणपणे पहिले ४० तास वस्तीपासून दूर, नेमून दिलेल्या भागातच उडवावं लागतं. त्यामागचं कारण या अहवालात दिसतं.

गायक जॉन डेन्व्हर यांचा १९९७ मधला अपघात याच जातीचा. विमान दुसऱ्याने बांधलेलं, नुकतंच विकत घेतलेलं. टाकी बदलायचा खटका मूळ आराखड्यातल्या जागी नव्हता, तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तो फिरवायला मागे वळलं की उजवा पाय पेडलवर दाबला जाण्याची भीती. टाकीत इंधनही कमी होतं.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी. सरकारी कागदपत्रांत त्यांची वर्षं गेली, हे दुखणं खरंच आहे. तरी टप्प्याटप्प्याने चाचणी घेण्याला पर्याय नाही, असं मला ठामपणे वाटतं.

त्यातली एक चाचणी तर बादली आणि घड्याळावर होते. चढताना विमानाचं नाक जितकं वर जाईल तितकं ते जमिनीवरच उचलायचं, इंजिनाकडे जाणारी नळी सोडवायची आणि मिनिटाला किती इंधन पडतं ते मोजायचं. उड्डाण घेताना इंजिन जेवढं पितं, त्याच्या दीडपट तरी पडायला हवं. पंप असेल तर सव्वापट. त्याहून कमी पडलं, तर विमान शेडमध्येच ठेवायचं आणि नळी, गाळणी, टाकीचा वायुमार्ग उघडून बघायचा.